पंधरा माणसे, एक डबा आणि विशाखापट्टणमचा समुद्र

हैदराबादेत आपल्याला कशाचीच वानवा नाही. सालारजंग म्युझियम आहे, इराणी चहा आहे, गणपतीच्या दिवसांत व्याख्याने आणि नाटके आहेत, शोधली तर गरम ज्वारीची भाकरीही मिळते. नाही तो फक्त समुद्र. हुसेनसागराच्या नावात सागर आहे, पण तो तलाव आहे हे आपल्या शाळेतील चौथीच्या मुलालाही ठाऊक असते. समुद्र पाहायचा म्हटले की आपल्या घरांतून दोनच नावे निघतात, गोवा नाहीतर गणपतीपुळे. मग कोणीतरी खर्चाचा अंदाज काढतो आणि विषय पुढच्या सुट्टीवर जातो. पुढच्या सुट्टीतही तो तसाच पुढे जातो.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही या शाळेच्या पालकांची चार घरे मिळून विशाखापट्टणमला जाऊन आलो. आठ मोठी माणसे, एक आजी आणि सहा मुले, असे एकूण पंधरा जण. दोन रात्री गाडीत आणि तीन दिवस गावात. परत आल्यापासून बऱ्याच पालकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "एवढ्यात कसे काय जमले?" प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा सर्वांसाठी एकदाच लिहावे, म्हणून हा लेख.

जमले कसे, त्याची सुरुवात एका स्टीलच्या डब्यापासून झाली. सहलीचा विषय प्रथम निघाला तेव्हा चार घरांपैकी एका घराने सांगितले, "आमचे काही जमणार नाही, गावाकडे लग्न आहे." जानेवारीतील लग्नाची तारीख जुलैमध्ये कोणालाच ठाऊक नव्हती, पण त्या वाक्याचा अर्थ सर्वांना कळला. आपल्या घरांतून असे वाक्य अधूनमधून बोलले जाते. कधी लग्न असते, कधी परीक्षा असते, तर कधी सहलीच्या दिवशी नेमका मुलाला ताप येतो. ते घर कोणते होते हे आम्ही इथे लिहिणार नाही. चौघांपैकी कोणत्याही घरावर ती पाळी त्या वर्षी येऊ शकली असती, आणि पुढे येणारच नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग आमच्यातील एका ताईंनी युक्ती काढली. प्रत्येक घराने एका चिठ्ठीवर लिहायचे, की दरमहा माणशी किती रुपये न ओढता बाजूला पडतील. नाव लिहायचे नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि सर्वांत लहान जो आकडा निघेल तोच सर्वांचा आकडा. वाद घालायचा नाही, सरासरी काढायची नाही आणि "आम्ही थोडे जास्त घालतो" असेही म्हणायचे नाही. चार चिठ्ठ्या उघडल्या. सर्वांत मोठा आकडा १,५०० होता आणि सर्वांत लहान ५००. पाचशे ठरले. ऑगस्ट ते डिसेंबर असे पाच महिने, माणशी २,५०० रुपये. चार वर्षांच्या धाकटीला सोडून चौदा जणांचे ३५,००० रुपये. आता एवढ्यात कोठे जाता येईल ते पाहायचे होते. आधी गाव ठरवून मग पैशांची जुळवाजुळव करण्याची आपली नेहमीची रीत इथे उलटी झाली.

विशाखापट्टणम ठरण्याचे पहिले कारण गोदावरी एक्स्प्रेस. १९७४ पासून धावणारी ही गाडी संध्याकाळी हैदराबादहून निघते आणि सकाळी उजाडता विशाखापट्टणमला पोचवते. म्हणजे एक रात्र गाडीत जाते, त्या रात्रीचे लॉजचे भाडे वाचते आणि पूर्ण दिवस हाती लागतो. येतानाही तसेच. स्लीपरची तिकिटे आम्ही आरक्षण उघडले त्याच आठवड्यात काढली. तेव्हा १२० दिवस आधी आरक्षण होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला आईच्या बर्थवर झोपावे लागते.

गाडीत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही-भात होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल आला. आजींनी आधीच बजावून ठेवले होते, की पूल आला की मला उठवा. अडीच किलोमीटरहून लांब असलेल्या त्या पुलावरून गाडी खडखडत जात असताना त्या खिडकीशी हात जोडून बसल्या होत्या. त्यांचे माहेर नांदेडकडचे. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी, नाशिक, पैठण, नांदेड करत येणारी नदी इथे समुद्राजवळ येऊन एवढी होते, हे मुलांना भूगोलाच्या पुस्तकात वाचूनही कळले नव्हते. अंधारात पाणी दिसत नव्हते, पण पूल संपता संपत नव्हता. त्यावरून त्यांनी अंदाज केला.

विशाखापट्टणम हे फार गजबजलेले गाव आहे. बंदर आहे, पोलाद कारखाना आहे, नौदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे, विद्यापीठ आहे आणि या सर्वांच्या कडेने समुद्र आहे. समुद्रासमोरच्या हॉटेलांत खिडकीतील देखाव्याचेही पैसे द्यावे लागतात. आम्ही रेल्वे स्टेशन आणि बसस्टँड यांच्या मधल्या भागात, एका गल्लीतील साध्या लॉजमध्ये चार खोल्या घेतल्या. बसस्टँडला तिथले लोक आरटीसी कॉम्प्लेक्स म्हणतात आणि गावात कोठेही जाणारी बस तिथे मिळते. खोली घेताना एकच गोष्ट विचारून घ्यावी, की हिशेब चोवीस तासांचा आहे की दुपारी बाराचा. सकाळी सातला पोचणाऱ्याला चोवीस तासांचा हिशेब सोयीचा पडतो. आम्ही शुक्रवारी सकाळी सातला खोल्या घेतल्या आणि रविवारी सकाळी सातला सोडल्या. दोनच दिवसांचे भाडे लागले. रविवारी दिवसभर सामान स्टेशनवरील क्लोकरूममध्ये होते. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून दोन जादा कुलपे घरूनच नेली होती.

भाषेची अडचण आली नाही. आपली मुले घरात मराठी, गल्लीत दख्खनी आणि बाजारात तेलुगू बोलतात. रिक्षावाल्याशी भाव ठरवण्याचे काम आम्ही आठवीतल्या एका मुलीकडे सोपवले आणि तिने ते मोठ्यांपेक्षा चांगले केले. गंमत झाली ती बसमध्ये. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना बसप्रवास मोफत झाला होता. दीड महिन्यात आमच्या वहिनीमंडळींना झिरो तिकिटाची एवढी सवय लागली होती, की कंडक्टरने पैसे मागितल्यावर त्या क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिल्या. आंध्र प्रदेशातही १५ ऑगस्ट २०२५ पासून अशी सवलत सुरू झाली आहे, पण ती त्या राज्यातील महिलांसाठी. तेव्हा आपल्या भगिनींनी सुटे पैसे जवळ ठेवावेत.

पहिल्या दिवशी अंघोळी आणि नाश्ता उरकून आम्ही रामकृष्ण बीचवर गेलो. सगळे त्याला आर. के. बीच म्हणतात. सहापैकी चार मुलांनी समुद्र प्रथमच पाहिला. त्यांनी आरडाओरडा केला नाही, उलट ती गप्प झाली. थोड्या वेळाने सहावीतल्या मुलाने विचारले, "एवढे पाणी, आणि तिकीट नाही?" आम्हाला हसू आले. पण पुढचे तीन दिवस ते वाक्य आम्हाला पुरले. या गावातील सर्वांत मोठी गोष्ट खरोखरच फुकट आहे.

त्याच बीचसमोर रस्त्याच्या कडेला आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी वाळूवर चढवून ठेवली आहे. ती डिसेंबर १९६९ मध्ये नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात होती, फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय म्हणून लोकांना खुली आहे. आम्ही गेलो तेव्हा ती आठवड्यातील बहुतेक दिवशी दुपारी उघडत असे. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. तिकीट काढून आत गेलो. तिकिटाचा पैसा वसूल झाला असे आम्ही एकमताने म्हणतो. लांबी सुमारे ९१ मीटर, पण आत वाकून, अंग चोरून चालावे लागते. पंचाहत्तरच्या आसपास माणसे त्यात राहत होती. टॉर्पेडोच्या शेजारी झोपण्याची जागा, दोन पावलांचे स्वयंपाकघर आणि पिण्याच्या पाण्याचा थेंब थेंब मोजलेला. माहिती सांगणारे गृहस्थ निवृत्त नौसैनिक होते. मुलांनी त्यांना इतके प्रश्न विचारले, की मागची रांग थांबली. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी डिसेंबर १९७१ मध्ये याच बंदराबाहेर बुडाली, हे त्यांनी समुद्राकडे बोट करून सांगितले तेव्हा पुस्तकातील इतिहास हाताच्या अंतरावर आला. आमच्यातील एका मुलाने त्यांना विचारले, "नौदलाच्या झेंड्यावर आता शिवाजी महाराजांची मुद्रा आहे ना?" २ सप्टेंबर २०२२ रोजी स्वीकारलेल्या नव्या झेंड्यावरील अष्टकोन महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे, हे त्याला शाळेत सांगितलेले होते. ते गृहस्थ हसून म्हणाले, "बरोबर." त्या मुलाची मान दिवसभर ताठ होती.

संध्याकाळी कैलासगिरीला गेलो. समुद्रालगतची ही टेकडी, वर शंकर-पार्वतीची मोठी पांढरी मूर्ती आणि खाली कमानीसारखा वळलेला किनारा. ऑक्टोबर २०१४ मधील हुदहुद वादळाने या गावातील आणि टेकड्यांवरील असंख्य झाडे पाडली होती. तिथल्या लोकांच्या बोलण्यात अजून त्या दिवसाचा उल्लेख येतो. वर जायला रोपवे आहे. इथे आमच्या डब्याच्या नियमाची पहिली परीक्षा झाली. आमच्यापैकी एकाने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "सर्वांची तिकिटे माझ्याकडून." त्याचे मन मोठे आहे, त्यात शंका नाही. पण एक क्षण कोणीच बोलले नाही. मग आजी म्हणाल्या, "आज तू काढशील, उद्या ज्याला काढता येणार नाही त्याने काय करायचे?" फोन खिशात गेला. आजींसाठी सामाईक पैशांतून रिक्षा केली, तिच्यात धाकटीही बसली आणि बाकीचे आम्ही बारा-तेरा जण रस्त्याने चढलो. वर पोचल्यावर सर्वांत जास्त दमलेला तोच फोनवाला होता, आणि सर्वांत जास्त हसतही तोच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बीचवर. पहाटेच्या वेळी तिथला बीच रोड वाहनांना बंद असतो. म्हातारीकोतारी माणसे, व्यायाम करणारे तरुण आणि सायकली घेतलेली मुले यांनी रस्ता भरून जातो. आपल्या लोकांनी फोटोंत आणि सिनेमांत समुद्रात बुडणारा सूर्य पाहिलेला असतो. कोकण आणि गोवा पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य समुद्रात मावळतो. हा बंगालचा उपसागर पूर्वेला, म्हणून इथे तो समुद्रातून उगवतो. मुलांनी हे आपापसात वाद घालून स्वतःच शोधून काढले. साडेसहाच्या सुमारास पाण्याच्या कडेवर तांबडी रेघ उमटली आणि पाच मिनिटांत पूर्ण गोळा वर आला.

तिथून मासेमारी बंदर जवळच आहे. आमच्यातील शाकाहारी मंडळींनी नाकाला पदर लावला, पण आली सगळीच. रात्रभर समुद्रात असलेल्या बोटी परतत होत्या, टोपल्या उतरत होत्या, बायका जमिनीवर ढीग मांडून मोठ्याने लिलाव करत होत्या. दोनच महिन्यांपूर्वी, १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री, या बंदरात आग लागून तिसाहून अधिक बोटी जळाल्या होत्या. एका म्हाताऱ्या कोळ्याशी आठवीतली मुलगी तेलुगूत बोलली. त्याचा पुतण्या ज्या बोटीवर कामाला जात असे ती जळली होती आणि तो आता दुसऱ्याच्या बोटीवर रोजाने जात होता. आम्ही समुद्र पाहायला आलो होतो. त्याच समुद्रावर ज्यांची चूल पेटते ती माणसेही पाहून गेलो, हे बरे झाले. बंदरावरून परतताना मुलांपैकी कोणीच खाऊ मागितला नाही.

त्यानंतर बसने बीच रोडवरून भीमिलीच्या दिशेला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तांबड्या टेकड्या, आणि बसचे तिकीट अगदी थोडे. एवढ्या पैशांत एवढा सुंदर प्रवास आम्हाला तरी दुसरीकडे मिळालेला नाही. वाटेत थोटलाकोंडा येथे उतरलो. टेकडीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. भिक्षूंच्या खोल्यांचे चौथरे, स्तूपाचा पाया आणि पावसाचे पाणी साठवण्यासाठी खडकात कोरलेली टाकी. या टाक्यांवरूनच टेकडीचे नाव पडले. आपल्या मुलांना अजिंठा-वेरूळ माहीत आहे. तिथे डोंगराच्या पोटात राहणारे भिक्षू इथे समुद्राकडे तोंड करून राहत होते. जवळ असेल तेवढ्या पाण्यात वर्ष काढणारी ती माणसे होती. आमच्या डब्याकडे पाहून कोणीतरी म्हणालेच, "आपण काही फार काटकसर करत नाही आहोत."

परतताना ऋषिकोंडा. इथला किनारा स्वच्छ आणि देखणा आहे. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे मानांकन मिळाले होते. इथे स्पीडबोटी होत्या आणि मुलांचे डोळे तिकडेच लागले. सहा मुलांना बोटीत बसवायचे तर आमचे दुसऱ्या दिवसाचे जेवण त्यात गेले असते. आम्ही प्रत्येक मुलाला सहलीच्या सुरुवातीलाच सामाईक पैशांतून शंभर-शंभर रुपये हातखर्चाला दिले होते, धाकटीलासुद्धा. ते कसेही खर्च करावेत, पण पुन्हा मागू नयेत. एकाने भाजलेल्या कणसांत आणि मुरी मिक्स्चरमध्ये सगळे संपवले. हे मुरी मिक्स्चर म्हणजे कुरमुरे, कांदा आणि लिंबू यांची तिथली भेळच. एकीने शंखांची माळ घेतली. एकजण घोड्यावर बसला आणि घोडा चार पावलांत परत फिरल्यावर बराच वेळ मालकाशी हुज्जत घालत राहिला. धाकटीने नोट मुठीत धरूनच झोप काढली आणि घरी आणली. बोटीसाठी कोणी रडले नाही. कोणाही मुलाला बोट मिळाली नव्हती आणि म्हणून कोणालाच ती हुकली नव्हती.

आता पाण्याविषयी, कारण या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. विशाखापट्टणमचा समुद्र दिसायला मोहक आहे आणि पोहायला धोक्याचा आहे. विशेषतः आर. के. बीचवर वाळू पटकन खोल उतरते. किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांचे पाणी परत जाताना कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि गडद दिसते, आणि नवखा माणूस सुरक्षित समजून नेमका तिथेच उतरतो. असे कोणी ओढले गेले तर सरळ किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. त्याने माणूस दमतो. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे, हात वर करून मदत मागावी, आणि किनाऱ्यावरच्यांनी उडी न टाकता जीवरक्षकाला हाक मारावी. आमचा नियम असा होता, की पाणी गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचे नाही. दोन मुलांमागे एक मोठे माणूस, त्याने फोटो काढायचे नाहीत आणि दर पाच मिनिटांनी डोकी मोजायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्यापासून शंभर पावलांवर कॉलेजची दोन मुले आत ओढली गेली. जीवरक्षकांनी दोघांना बाहेर काढले. दोघेही वाचले. पण वाळूवर पडून ती मुले ज्या तऱ्हेने श्वास घेत होती, ते पाहून आमच्या मुलांनी आपण होऊन चपला घातल्या. काटकसर सगळीकडे करावी. सावधपणात, पिण्याच्या पाण्यात आणि औषधात करू नये.

जेवणाची चंगळ मात्र झाली. सकाळी मुगाचे पेसरट्टू, आत उपमा आणि वर आल्याची चटणी. दुपारी साध्या खाणावळीत केळीच्या पानावर पोटभर भात, पप्पू, भाजी, सांबार, ताक. संध्याकाळी गरम पुनुगुलू. ज्या ठिकाणी गावातील कामगार आणि विद्यार्थी जेवतात तिथे जेवावे, हा आमचा एकच नियम होता. भाव योग्य असतो आणि अन्न ताजे असते. किनाऱ्यावरील दुकानांत तीच इडली महाग आणि थंड मिळाली.

रविवारी सकाळी सिंहाचलमला गेलो. डोंगरावर वराह-नरसिंहाचे प्राचीन मंदिर आहे. मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाने झाकलेली असते आणि फक्त अक्षय्य तृतीयेला देवाचे मूळ रूप दिसते. कृष्णदेवरायाने इथे येऊन देवाला दाने दिल्याचे शिलालेख आहेत. पायथ्यापासून वर जायला बस आहे. दर्शनानंतर देवस्थानाच्या अन्नदानात जेवलो. जेवून उठल्यावर आमच्या हिशेबनीस वहिनींनी वही काढली आणि विचारले, की आजचे दुपारचे जेवण शून्य रुपये लिहू का? आजी म्हणाल्या, "प्रसाद बचतीत धरायचा नसतो." पाचशे रुपये देणगी दिली आणि तेवढे वहीत लिहिले. संध्याकाळी गोदावरी एक्स्प्रेस धरली आणि सोमवारी सकाळी मुले वेळेवर शाळेत आली.

अरकूची दरी आणि बोर्रा गुहा आम्ही मुद्दाम सोडल्या. आणखी एक दिवस असेल तर विशाखापट्टणमहून किरंदूलकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीने जरूर जावे. त्या मार्गावर ५८ बोगदे आहेत आणि मुलांना मोजायला उत्तम खेळ आहे. पण तीन दिवसांत सगळेच पाहायला गेले तर धड काहीच पाहून होत नाही.

विश्वस्त मंडळींना आणि पालकांना उत्सुकता असेल म्हणून वहीतील हिशेब जसाच्या तसा देतो. रेल्वे ११,९०० रुपये. लॉज ६,४००. खाणे-पिणे ७,८५०. बस आणि रिक्षा ३,४५०. तिकिटे १,५००. मुलांचा हातखर्च ६००, देणगी ५००, क्लोकरूम, औषधे आणि किरकोळ ५००. एकूण ३२,७०० रुपये. जमा ३५,०००. शिल्लक २,३००. दर त्या वेळचे आहेत, आता थोडे वाढलेले असतील.

हे सर्व लिहिण्यामागे एक विनंती आहे. दरवर्षी आपल्या शाळेची सहल जाते तेव्हा काही मुले मागे राहतात. हजेरीपटावर कारण "आजारी" असे लागते. ती आजारी नसतात हे त्यांना ठाऊक असते, शिक्षकांना ठाऊक असते आणि वर्गातील मुलांनाही ठाऊक असते. फी माफीचा अर्ज करा असे सांगितले तर स्वाभिमानी आईबाप अर्ज करत नाहीत आणि मूल घरी राहते. म्हणून सुचवावेसे वाटते, की सहलीचे ठिकाण आधी ठरवू नये. जूनमध्येच प्रत्येक घराकडून बिननावाची चिठ्ठी घ्यावी. सर्वांत लहान आकड्यावरून सहल ठरवावी, मग ती विशाखापट्टणमला न जाता नागार्जुनसागरला किंवा वरंगळच्या किल्ल्यापर्यंतच गेली तरी चालेल. एखादी चिठ्ठी कोरीही निघेल. त्यासाठी सहलीची रक्कम बंद पाकिटांतून, पाकिटावर नाव न घालता, एका पेटीत जमा व्हावी. ज्याला थोडे अधिक घालता येईल त्याने घालावे, ज्याला कमी घालता येईल त्याने कमी, आणि कोणी किती घातले हे कोणालाच कळू नये. सहलीला गेलेल्या मुलांची यादी मात्र पूर्ण असावी.

आमच्या डब्यातील शिल्लक २,३०० रुपये या पेटीची पहिली जमा म्हणून आम्ही चारही घरे मुख्याध्यापकांकडे देत आहोत. डबाही देत आहोत. जुना आहे, पण झाकण घट्ट बसते.